कुंकवाची एकोणीस पानं

ती घटना आठवायला मला आजही फारसं निमित्त लागत नाही. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरते, मी ओला डबा एका हातात आणि सुका दुसऱ्या हातात घेऊन जिना उतरू लागते, आणि ते सहा दिवस ओळीने समोर येतात. सोमवार ते शनिवार. त्या आठवड्याची माझी खिशातली डायरी मी अजून ठेवली आहे, त्यामुळे वार आणि वेळा यांत चूक होणार नाही. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. ज्यांची चूक होती त्यांनी ती कबूल केली, आणि ज्यांची नव्हती त्यांना माझ्यामुळे पुरेसा त्रास झालेला आहे.

तेव्हा मी इंदूरच्या पश्चिमेला, हातोदच्या रस्त्याला लागणाऱ्या एका ठाण्याची प्रभारी होते. आमच्या हद्दीत मेळ्याचं जुनं मैदान होतं. दर हिवाळ्यात तिथे तीन आठवडे मेळा भरायचा. एरवी क्रिकेट, म्हशी आणि स्कूटी शिकणाऱ्या मुली. त्या वर्षी मैदानासाठी एक प्रस्ताव आला. अर्ध्या भागात मोठं कन्व्हेन्शन सेंटर बांधायचं, उरलेल्या अर्ध्यात मेळ्यासाठी पक्के ओटे, नाल्या, वीज आणि शौचालयं करायची, आणि सगळं सार्वजनिक पैशातून.

शहरात दोन तट पडले. एक गट म्हणत होता की मोठी प्रदर्शनं इथे येतील, हॉटेलवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना काम मिळेल. दुसरा म्हणत होता की आधी पश्चिमेच्या वस्त्यांना पाणी आणि ड्रेनेज द्या. हॉल वर्षातले किती दिवस भरेल आणि रिकामा असताना त्याची देखभाल कोण करेल, ते आधी सांगा. मला दोन्हीकडचं थोडं थोडं पटायचं, पण माझ्या मताला तिथे जागा नव्हती. शनिवारी जाहीर सुनावणी होती आणि बंदोबस्त माझ्या ठाण्याकडे होता.

सोमवारी संध्याकाळी साडेपाचला मेळा समितीचा कारकून ठाण्यात आला. चाळिशीचा, मराठी, अंगाने बारीक. खुर्ची दिली तरी बसेना.

"मॅडम, जागावही नाहीये."

"कुठे नाहीये?"

"कहींच नाही. अलमारीत नाही, टेबलावर नाही, मी सगळं देख लिया."

जागावही म्हणजे काय ते इथेच सांगून टाकते. मेळ्याच्या आधी समितीचे लोक दुकानदारांना घेऊन मैदानावर फिरत, एकेकाच्या जागेवर खुंटा ठोकत, आणि कारकून लिहून घेई: आधी दरवाजाची ओळ, मग आतल्या ओळी. पावती नाही, करार नाही. कोण कुठे उभा राहतो याचा कागदावरचा पुरावा म्हणजे ती एकच वही. जाडजूड, लाल कापडाची, लोखंडी पट्टीने आवळलेली. दर वर्षाच्या पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक काढल्याशिवाय कुणी लिहायला सुरुवात करत नसे.

इतकी वर्षं त्या वहीला कुणी विचारलं नव्हतं. पण प्रस्तावात एक कलम होतं. ज्यांचं नाव वहीत सलग पंधरा वर्षं आहे त्यांना नव्या मैदानात तीच जागा कायमची मिळेल, बाकीच्यांसाठी सोडत. हे कलम येईपर्यंत मेळ्यातले शंभरावर दुकानदार प्रस्तावाच्या विरोधात होते. कलम आलं आणि ते सगळे बाजूने झाले. आता वहीच नाही, म्हणजे सगळ्यांचीच सोडत.

मी कार्यालय पाहून आले. दाराचं कुलूप शाबूत, अलमारीचं शाबूत. वही दिवसाउजेडी, कुणाच्या तरी समोरून गेली होती. कारकुनाने जबाब दिला की दहापासून पाचपर्यंत तो जागेवरून हलला नाही. त्या दिवशी बाहेरची दोनच माणसं आली होती. एक, लाकडी घोड्यांचा गोल फिरणारा झुला चालवणाऱ्या काकू. वहीत आपलं नाव नीट आहे ना हे विचारायला. दुसरे, एक निवृत्त प्राध्यापक. प्रस्तावाविरुद्धची मुख्य हरकत तेच लिहीत होते आणि त्यासाठी त्यांना वही वाचायची होती. दोघं गेली तेव्हा वही टेबलावरच होती, असं कारकून म्हणाला.

मंगळवारी सकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. सोमवारी दुपारी झुलेवाल्या काकूंनी लाल कापडात बांधलेलं एक जड गाठोडं रिक्षात घालून मल्हारगंजातल्या घरी नेलं होतं.

आमच्या ठाण्याचे हेड कॉन्स्टेबल, ज्यांना सगळे दिवाणजी म्हणत, खास माळव्यातले. त्यांना ही खबर पटली नाही.

"मैडमजी, उसी वही से तो उनकी जगह पक्की होने वाली थी. वो काहे को उठाएगी?"

"नाव मधल्या एखाद्या वर्षी नसेल तर? पान बदलायला नेली असेल."

"हो सकता है," ते म्हणाले. पण टोपी घालताना मान हलवली ती नकाराचीच होती.

मल्हारगंजातल्या त्या गल्लीत आमची जीप शिरत नाही. आम्ही चालत गेलो: दोन पंच, एक महिला शिपाई, दिवाणजी आणि मी. झडतीचं चित्रण सुरू केलं. तोवर दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली होती. काकू पन्नाशीच्या पुढच्या, दंडापर्यंत हिरव्या रंगाचे शिंतोडे उडालेले. गाठोडं समोरच पाटावर होतं.

"काकू, हे कशाचं आहे?"

"घोड्याचं डोकं."

दिवाणजी माझ्याकडे पाहू लागले.

"उघडा."

"तुम्हीच उघडा. दातही मोजून लिहून घ्या, नाही तर उद्या म्हणाल दोन कमी होते."

कापडात खरंच घोड्याचं डोकं होतं. सागवानी, पांढऱ्या रंगाचं, एक कान नव्याने बसवलेला. काकूंचे सासरे गिरणीत सुतार होते. झुला त्यांनी केलेला. मेळा संपला की पुढच्या घोड्याचं डोकं काढून घरी न्यायचं आणि मेळ्याआधी रंगवून परत बसवायचं, ही त्यांची रीत. बिनडोक्याच्या घोड्याचा झुला कुणी चोरून चालवत नाही, असं सासऱ्यांचं म्हणणं होतं. त्या वर्षी मात्र झुला डोक्यासकट मैदानावरच्या शेडमध्ये कुलपात ठेवला होता. सोमवारी झुल्याचा आस तपासायला गेल्या, तेव्हा त्यांनी डोकं रंगवायला सोबत आणलं होतं.

मी विचारलं, "जागा गेली तर काय होईल?"

"माझा झुला हाताने फिरतो, मॅडम. दरवाजातून शिरलं की पहिला मीच दिसते, म्हणून आया लहान पोरांना बसवतात. आत सगळे बिजलीचे झुले. तिथे सोडतीत टाकलंत तर माझ्याकडे कोण बघणार? दरवाजा गेला की झुला गेला. माझ्या उजव्या हाताला खाजेवाला, डाव्या हाताला फुगे फोडायच्या बंदुकीवाला. आम्ही तिघं एका खुंट्याला एक बांधलेले आहोत. आणि चौकशीच करायची तर कारकुनाची करा."

"का?"

"मी गेले तेव्हा तो होता कुठे जागेवर? समोरच्या पोह्याच्या ठेल्यावर उभा. वरून सेव अजून घालायला सांगत होता."

"मग आत कोण होतं?"

"सर होते. वाचत बसलेले. मी नमस्कार केला, पोह्याच्या ठेल्यावर जाऊन कारकुनाला माझ्या नावाचं विचारलं आणि निघाले."

काही मिळालं नाही असा पंचनामा केला आणि त्याची प्रत काकूंना दिली. त्यांनी ती दिवाणजींच्या हातात परत ठेवली.

"गल्लीला वाचून दाखवा. येताना सगळ्यांनी पाहिलंय, जातानाही ऐकू दे."

दिवाणजींनी ओट्यावर उभं राहून तो वाचला. मागून कुणीतरी म्हणालं, "भिया, घोड़े का भी बयान ले लो." दिवाणजींनी शेवटच्या सहीपर्यंत सगळं वाचलं. परत जाताना मी डायरीत दोन ओळी लिहिल्या. पहिली: खबर खरी असू शकते आणि तरी चूक असू शकते. दुसरी: पोहे.

बुधवारी कारकुनाला पुन्हा बोलावलं. त्याच्यासमोर चहा ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"पोहे किती वाजता खाल्ले?"

त्याने कप बाजूला सरकवला.

"अकराला. पंधरा मिनिटं, मॅडम. बीस हद से हद. वही टेबलावर ठेवून उठायचं नाही असा नियम आहे, म्हणून नाही सांगितलं. सरांसाठी पण आणले होते."

"वहीपाशी त्यांना एकटं सोडलंत?"

"मॅडम, सरांनी मला बारावीत नागरिकशास्त्र शिकवलंय." हेच उत्तर पुरेसं आहे असं त्याला वाटत होतं. "पोहे खाल्ले, थँक्यू म्हणाले, कागदी प्लेट कुठल्या डब्यात टाकायची ते विचारून गेले. त्यांच्यानंतर वही तिथे होती की नाही, हे... मी बघितलंच नाही. लाल कापडाची दुसरी फाइल पडली होती, मला वाटलं तीच."

सर राहायचे अन्नपूर्णा भागात. साक्षीदार म्हणून विचारायला आम्ही दुपारी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या मोहल्ल्यात कचरा वेगळा करायची सवय घरोघरी त्यांनीच लावलेली. जिन्याखाली सहा डबे ओळीने आणि प्रत्येकावर सुरेख अक्षरात चिठ्ठी. दिवाणजींनी खिशातलं सुपारीचं रिकामं पाकीट जवळच्या डब्यात टाकलं.

"दिवाणजी, तो कागदाचा. प्लास्टिक तिसऱ्यात."

दिवाणजींनी डब्यात हात घालून पाकीट काढलं आणि तिसऱ्यात टाकलं.

सर म्हणाले की त्यांनी वही वाचली आणि टिपणं काढली. पुढे हरकतीचा मसुदा मला दाखवला. चार पानं, प्रत्येक मुद्दा मोजूनमापून. मला ते लिखाण आवडलं, हे कबूल करते. वही परत कुठे ठेवली, असं विचारलं तेव्हा मात्र ते म्हणाले, "कारकून असतोच तिथे." हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

एवढ्यावर कुणाच्या घराची झडती घेता येत नाही, आणि मल्हारगंजनंतर मला घाईही नव्हती. ठाण्यात बसून मी वेगळा विचार केला. वही जिने किंवा ज्याने नेली त्याला ती कुठेतरी घालवायची आहे. आमच्या शहरात आता हे सोपं नाही. कोपऱ्यावर कचराकुंड्या नाहीत. रस्त्यावर टाकावं तर कुणीतरी गच्चीवरून ओरडतं. जाळावं तर धूर बघून शेजारी येतात. राहते कचऱ्याची गाडी. मी तीन गल्ल्या लिहिल्या: कारकुनाची, काकूंची, सरांची. तिन्ही गाड्यांवरच्या माणसांना भेटायचं ठरवलं, त्याच क्रमाने.

गुरुवारी सकाळी कारकुनाच्या गल्लीत काही मिळालं नाही. मल्हारगंजच्या गाडीवाल्याने मलाच विचारलं, "घोड़ा मिला क्या, मैडम?" अन्नपूर्णाच्या गाडीवर एक बाई मदतनीस होती. सरांचं नाव काढताच हसली.

"उनके यहाँ से तो कचरा भी प्रेस हो के निकलता है."

"मंगळवारी काय दिलं होतं, आठवतं?"

"क्यों नी आठवणार. तीन बंडल. सुतळीने बांधलेले कागज, मोठ्ठे. लाल कपड़ा, घडी करून. आणि लोहे की पट्टी, तिचे स्क्रू थैलीत वेगळे. बोले, बेटा, हात में चुभ जाएगा, अलग रखना."

माझा विश्वास बसायला थोडा वेळ लागला. पुरावा नष्ट करायला निघालेल्या माणसाने तो सामानाच्या जातीप्रमाणे निवडून, बांधून, सूचनेसह गाडीत दिला होता.

निवड करण्याच्या केंद्रावर आम्ही पोचलो तोपर्यंत मंगळवारचा कागद दाबून पुढे गेला होता. मी परत फिरणारच होते. तेवढ्यात दिवाणजींना भिंतीतला एक कोनाडा दिसला. त्यात देवांचे फुटके फोटो, गणपती छापलेल्या लग्नपत्रिका आणि त्यांच्याखाली जुन्या, पिवळ्या कागदांची चळत. निवड करणारी एक म्हातारी बाई पुढे आली.

"जिस पे कुंकू लगा हो, वो मैं मशीन में नी डालती. सब इकट्ठा करके नदी पे... नदी पे तो अब मना है. कुंड में ले जाती हूँ."

तिला वाचता येत नव्हतं. मी पानं मोजली. एकोणीस. एकोणीस वर्षांची पहिली पानं, प्रत्येकावर स्वस्तिक आणि खाली दरवाजाची ओळ. आतल्या ओळींच्या पानांवर कुंकू नव्हतं; ती सगळी गेली होती.

जप्तीचा पंचनामा करून दुपारी सरांना नोटीस देऊन ठाण्यात बोलावलं. वेळेआधी दहा मिनिटं आले. मी पानं टेबलावर ठेवली. त्यांनी ती दोन्ही हातांनी कडा जुळवून सरळ केली.

"ही कशी वाचली?"

"कुंकू होतं."

"आणि बाकीची?"

"गेली, सर."

त्यानंतर त्यांनी काही लपवलं नाही. मी विचारत गेले, ते सांगत गेले.

"शंभर माणसं प्रश्न विचारत होती, मॅडम. हॉल कुणासाठी, देखभाल कोण करणार, पाणी कधी येणार. जागेचं कलम आलं आणि एका दिवसात सगळी गप्प. ते कलम घालणाऱ्याने मुद्दामच घातलं असणार, असं मला वाटलं. वही नसेल तर कलम राहणार नाही. कलम नसेल तर लोक परत बोलू लागतील."

"त्या शंभरांपैकी कुणाला विचारलंत?"

"नाही."

"झोळीत घालून नेलीत?"

"हो. हरकतीच्या फाइलखाली."

"जाळली असतीत तर माझ्या हाती काहीच लागलं नसतं."

"कचरा जाळू नये, ही पाटी आमच्या कोपऱ्यावर मीच लावली आहे," ते म्हणाले. त्यांना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. दिवाणजी मात्र पाणी आणायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

"कारकून तुमचा विद्यार्थी. संशय त्याच्यावर जाणार, हे लक्षात आलं नाही?"

इथे ते पहिल्यांदा अडखळले.

"तो कधी कॉपी करत नसे. त्याच्यावर कुणी संशय घेईल, असं माझ्या मनातच आलं नाही."

जबाबावर सही करताना त्यांनी माझ्या शिपायाची एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करायला परवानगी मागितली. मी दिली.

ठाण्याच्या हिशेबाने गुन्हा उघड झाला होता. आरोपी, कबुली, मुद्देमाल, सगळं जागेवर. पण मुद्देमाल मालखान्यात जमा करताना मी पानं एकेक करून वाचली, आणि बाराव्या पानावर थांबले. त्या वर्षी दरवाजाच्या ओळीत काकूंचं नाव नव्हतं. खाजेवाल्याच्या नावापुढे दोन जागा लिहिल्या होत्या. कलमात शब्द होता 'सलग'. पंधरा वर्षं मोजायला लागलं तर हे वर्ष बरोबर मधे येत होतं. म्हणजे वाचलेली पानंच काकूंची जागा घालवणार होती आणि गेलेली पानं आतल्या ओळींतल्या सगळ्यांची.

शुक्रवारी सकाळी मी त्यांना फोन केला.

"त्या वर्षी यजमान गेले," काकू म्हणाल्या. "झुला लावलाच नाही. खाजेवाल्याने माझ्या जागेवर त्याची रिकामी कढई ठेवली होती, तीन आठवडे. कुणाला उभं राहू दिलं नाही. कारकून जुना होता तेव्हाचा, त्याने जे दिसलं ते लिहिलं."

मला मंगळवार आठवला. मी जागेबद्दल विचारलं होतं, आणि त्यांनी आपल्या जागेचं सांगताना उजव्या हाताचं आणि डाव्या हाताचं माणूस सांगितलं होतं. त्यावरून मला काम सुचलं.

दुपारी सगळ्या दुकानदारांना मैदानावर बोलावलं. पाच टेबलं, पाच शिपाई, टेबलांत एवढं अंतर की एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ नये. शिपायांना सांगितलं की कुणालाही त्याची स्वतःची जागा विचारायची नाही. विचारायचं एवढंच: उजवीकडे कोण, डावीकडे कोण, पाठीमागे कोण, आणि कुणी कधी बदललं का. लोक आधी वैतागले. "मेरी जगह तो पूछो, साहब," असं जवळजवळ प्रत्येकजण म्हणाला. मग मात्र बोलू लागले. कोण कुणाच्या अंगावर धूर सोडतो, कुणाच्या भोंग्यामुळे कुणाचं गिऱ्हाईक पळतं, कुणी एका वर्षी खुंटा हातभर सरकवला. स्वतःबद्दल त्यांनी कदाचित वाढवून सांगितलं असतं. शेजाऱ्याबद्दल मात्र प्रत्येकाला खुंट्यापर्यंत माहिती होती, आणि शंभर माणसांना एकाच शेजाऱ्याबद्दल एकच खोटं ठरवून बोलता येत नाही.

संध्याकाळपर्यंत दिवाणजींनी आणि मी जबाब एकमेकांना जोडले. दरवाजाच्या ओळीचे जबाब आधी घेतले, कारण ते तपासायला माझ्याकडे एकोणीस पानं होती. जुळले. बाराव्या पानावर जिथे जुळत नव्हते, तिथे तीन वेगवेगळ्या टेबलांवर तीन माणसांनी विचारलं नसताना कढईचा उल्लेख केला होता. ज्या ओळीचा कागद हाती होता तिथे माणसं कागदापेक्षा जास्त खरी निघाली. मग ज्या ओळींचा कागद नव्हता तिथे त्यांच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण मला दिसेना. यादी टाइप झाली. नऊ पानं.

शनिवारची सुनावणी अन्नपूर्णा भागातल्या एका सभागृहात होती. खुर्च्या कमी पडल्या. बाजूने बोलणाऱ्यांत एक हॉटेलवाले होते आणि एक तरुणी, जिला आपल्या छोट्या कारखान्याचा माल दाखवायला दर वेळी दुसऱ्या शहरात जावं लागत होतं. मेळ्यातली एक बांगडीवाली उठली आणि म्हणाली, "हॉलचं आम्हाला माहीत नाही, पण तीन हफ्ते बायकांना जायला जागा नाही, ते पहिले करा." विरोधातही बरेच बोलले. सरांची हरकत कारकुनाने वाचली. समितीचं ते कामच होतं, पण तो दुसऱ्या कुणाला देऊ शकला असता. दिली नाही. चारही पानं एका सुरात वाचली. सर शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी वही चोरली हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं, तरी देखभालीचा मुद्दा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग जागांचा विषय निघाला. अध्यक्ष अधिकारी म्हणाले की ज्यांच्या नोंदी शिल्लक आहेत त्यांच्याच धरता येतील. मी यादी आणि वहीच्या एकोणीस पानांच्या प्रती पुढे ठेवल्या. एक गृहस्थ उठून म्हणाले, "पोलिसांनी चोर पकडावा. यादी करणं हे त्यांचं काम आहे का?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी सांगितलं की हे जबाब आहेत, ते खोटे वाटले तर तपासायला वेळ द्या. अधिकाऱ्यांनी वहीची पानं चाळली, बाराव्यावर थांबले आणि काकूंचं नाव विचारलं.

"या वर्षी तुमचं नाव नाही. दोन्ही जागा दुसऱ्याच्या आहेत."

काकू उठायच्या आधी खाजेवाला उठला. भला मोठा माणूस, सभेत कधी न बोललेला.

"साहब, कढ़ाई मेरी थी. जगह इनकी थी."

तो लगेच बसला. मग काकू उभ्या राहिल्या.

"त्याचं ऐकून माझं नाव धरणार असाल तर बाकीच्यांचं पण असंच ऐकून धरा. नाही तर माझंही कापा. माझ्या मागे कोण उभं आहे हेच कागदावर नसेल, तर माझा झुला कुठे उभा आहे हे तरी तुम्हाला कसं कळणार?"

अधिकाऱ्यांनी यादी दप्तरात दाखल करून घेतली आणि आक्षेपांसाठी पंधरा दिवस दिले. आक्षेप दोनच आले, दोन्ही हातभर खुंट्याचे. मैदानाचं काम आधी मंजूर झालं. कन्व्हेन्शन सेंटरचा निर्णय देखभालीचा लेखी आराखडा येईपर्यंत पुढे गेला. तो वाद माझ्या निवृत्तीपर्यंत चालू होता आणि अजूनही आहे.

सभागृहाबाहेर सर काकूंपाशी गेले आणि हात जोडले. मी चार पावलांवर होते.

"सर, तुमचं बोलणं खरं होतं," काकू म्हणाल्या. "हॉल रिकामा असेल तेव्हा काय, ते त्यांनी आज पण नाही सांगितलं. पण ते विचारायला आमची वही कशाला लागत होती?"

दोषारोपपत्र मी वेळेत दाखल केलं. न्यायालयात त्यांनी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केला. कारकुनाला समितीने लेखी समज दिली, नोकरी राहिली.

मेळा भरला तेव्हा मी गस्तीवर होते. दरवाजातून शिरल्यावर पहिला झुला तोच, उजव्या हाताला खाज्याची कढई, या वेळी तेलाने भरलेली. काकूंनी पुढच्या घोड्याच्या मानेवर डोकं बसवलं, खिळा ठोकला आणि माझ्याकडे वळल्या.

"झडतीत बघितलंत ना याला? आता बसा."

वर्दीत असल्यामुळे बसले नाही. मल्हारगंजातल्या त्या सकाळबद्दल मात्र माफी मागितली. त्या म्हणाल्या, "पंचनामा वाचून दाखवलात, तेव्हाच झालं ते."

पुढे प्रत्येक तपासात माझ्या प्रश्नांच्या यादीत मी एक बदल केला. माणसाला त्याच्याबद्दल विचारण्याआधी त्याच्या शेजाऱ्याबद्दल विचारायचं. कारकून स्वतःबद्दल खोटं बोलला, पण काकूंनी त्याचे पोहे शेवेसकट सांगितले. सर शंभर लोकांच्या भल्याचं बघत होते आणि त्यांतल्या एकालाही त्यांनी विचारलं नव्हतं. मीही काकूंच्या दारात पंच घेऊन गेले, पण त्याआधी त्यांच्याबद्दल कुणालाच काही विचारलं नव्हतं.

गुडघ्यांमुळे दोन वर्षं आधीच निवृत्ती घेतली आणि या नव्या इमारतीत राहायला आले. पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे डायरीत लिहिलं: उजवीकडे कोण, डावीकडे कोण, पाठीमागे कोण. तिन्ही रकाने भरायला मला चार महिने लागले. पहिलं नाव मिळालं ते सकाळी, जिन्याखाली, हातात डबे घेऊन गाडीची वाट बघताना.